पलीकडचा हूक

पुण्याहून ऑर्डर आली ती कोट अडकवायच्या खुंटीची. छोट्या ऑफिसांसाठी, टेबलांमधल्या पार्टिशनवर बसेल अशी, कुठेही भोक न पाडता. चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात ऑफिसचं फर्निचर बनतं आणि त्याची ड्रॉइंग मी काढते. कोट घालून कामाला येणारा माणूस मात्र आमच्या शहरात मी अजून पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये असा कुणी दिसलाच, तर त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजावं लागेल.

"कोट कसा नाय, ताई? आपले सनकोट हायेत की," पार्टिशनच्या पलीकडे बसणारी म्हणाली. ती डिस्पॅचचं काम बघायची, करमाडहून स्कूटीवर यायची. खरंच होतं तिचं. उन्हाळाभर आम्ही दोघी नखशिखांत गुंडाळून यायचो आणि ते सनकोट दिवसभर खुर्चीच्या पाठीवर लोळत पडायचे.

मग मी पत्र्याची एक पट्टी वाकवून घेतली. पार्टिशनवर खोगिरासारखी बसणारी, एक हूक माझ्या बाजूला, एक तिच्या. सकाळी मी माझा सनकोट अडकवायचे, पलीकडून तिचा अडकवल्याचा खट्ट आवाज यायचा आणि दिवस सुरू व्हायचा. जेवताना ती वरून ठेच्याची डबी पुढे करायची. सिडकोतल्या माझ्या खोलीवर बोलायला कुणी नाही, त्यामुळे दिवसाचं सगळं बोलणं मी इथेच उरकून घ्यायचे. पट्टी जागची हलत नव्हती. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पुढे तिला शेंद्र्याला काम मिळालं. "घराजवळ हाय, ताई. पोरगी शाळेतून यायच्या आत घरी पोचता येतं," ती म्हणाली. मी हसून तिने आणलेला पेढा खाल्ला.

सोमवारी मी सनकोट अडकवला, तर पट्टी माझ्याकडे कलली आणि कोट घसरून फरशीवर. उचलून पुन्हा अडकवला, पुन्हा खाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टी सैल होती आणि पलीकडच्या वजनामुळेच सरळ राहत होती. नमुना त्याच आठवड्यात पुण्याला पाठवायचा होता.

आवळायचा एक स्क्रू दिला की काम भागत होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण हात होईना. मी पाण्याची बाटली भरून पलीकडच्या हुकाला अडकवली आणि ड्रॉइंग तसंच राहू दिलं.

नमुना बघायला साहेब आले. "ही बाटली कुणाची?"

"कुणाची नाही."

त्यांनी ती काढून घेतली. कोट खाली पडला. "अहो मॅडम, समोर कुणी बसलेलं असेलच असं थोडंच आहे? एकट्या माणसाला चालली पाहिजे ही. आणि पलीकडचा हूक काढूनच टाका, पत्रा वाचेल."

मला राग आला, आणि त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला. मी स्क्रू दिला. पलीकडचा हूक ड्रॉइंगमधून काढला, आणि काढताना मला रडू आलं. नवा नमुना पास झाला.

तिचा फोन आला. "ताई, आपली खुंटी झाली का पास?"

"झाली."

"माझ्या बाजूला आता कुणाचा सनकोट असतोय?"

"नवीन मुलगी आलीय एक," मी म्हटलं.

"बरं झालं बाई. मला लई काळजी लागली होती तुमची."

नुसतं 'कुणी नाही' म्हटलं असतं, तर ती रविवारी डबा घेऊन दारात उभी राहिली असती. तरी ते माझ्या तोंडून निघालं नाही.

खुंट्यांचे खोके पुण्याला गेले. माझ्या पार्टिशनवर जुनीच पट्टी आहे. सकाळी आले की मी आधी पलीकडे जाते, बाटली भरून अडकवते, आणि मग वळसा घालून इकडे येऊन सनकोट काढते.