चांगलं लागलंय

माझ्या नवऱ्याला सगळे डिंकराव म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नाही. शर्यतीच्या सायकलींना चिकटवायचे टायर बसवण्यात त्यांची हयात गेली. या टायरच्या पोटातच ट्यूब शिवलेली असते आणि त्याला रिंगवर धरून ठेवायला सोल्यूशनशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून रिंगला सोल्यूशनचे तीन हात द्यायचे, टायरला दोन, आणि प्रत्येक हात अख्खा दिवस वाळू द्यायचा. मग चाक जमिनीवर उभं धरून टायर दोन्हीकडून खाली ओढत आणायचा आणि शेवटची वीतभर कड अंगठ्यांनी वर चढवायची. आमच्या नात्यात लग्नं यापेक्षा कमी वेळात जमली आहेत.

त्यांची एक परीक्षा होती. हवा काढायची, दोन्ही अंगठे टायरच्या कडेला लावायचे आणि ढकलायचं. टायर सुटला की काम नापास. या परीक्षेत त्यांनी भले भले कारागीर रडवले. एकाला म्हणाले, "हे सोल्यूशन लावलंस की थुंकलास?" तो माणूस पन्नाशीचा होता आणि शेजारी त्याचा जावई उभा होता.

आमची लेक शर्यतीत उतरते. स्वतःचे टायर स्वतःच चिकटवायचे हा तिचा हट्ट, आणि त्याहून मोठा हट्ट हा की बाबांनी एकदा तरी 'चांगलं' म्हणावं. अकरा वेळा तिनं चाक त्यांच्यापुढे ठेवलं. अकरा वेळा त्यांनी टायर उपटून जमिनीवर फेकला आणि चहा मागितला. एकदा तर पाहुण्यांसमोर. ती टायर उचलायची, रिंग खरवडायची आणि पुन्हा पहिल्या हातापासून सुरू.

"अहो, किती छळता पोरीला?" मी म्हणायचे.

"उतारावर टायर सुटला तर तू झेलणार आहेस का तिला?"

ते खरं होतं, म्हणून जास्तच राग यायचा.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अकराव्या चाकानंतरच्या वर्षभरात त्यांचे अंगठे गेले होते. सांधे सुजलेले, जोर संपलेला. शर्टाची गुंडी मी लावायचे, बरणीचं झाकण मी उघडायचे. दुकानात किंवा लेकीला कळू नये म्हणून ते नुसती देखरेख करायचे आणि पूर्वीपेक्षा जास्त ओरडायचे. मीही मूग गिळून होते. नवऱ्याची लाज झाकणं म्हणजेच संसार, असं मला वाटायचं.

बाराव्या वेळी लेकीनं चाक आणलं तेव्हा शर्यत दोन दिवसांवर आली होती. त्यांनी हवा काढली, अंगठे लावले, ढकललं. टायर हलला नाही. पुन्हा ढकललं. मी दारातून बघत होते, टायरकडे नाही, अंगठ्यांकडे. ते टायरवरून नुसते घसरत होते. लेक श्वास रोखून उभी होती. 'दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घे', एवढं एक वाक्य पुरे होतं. ते त्यांच्या तोंडून निघालं नाही आणि माझ्याही.

"चांगलं लागलंय," ते म्हणाले.

पोरीला आकाश ठेंगणं झालं. रडलीच ती.

उतारावरच्या तिसऱ्या वळणावर पुढचा टायर रिंगवरून निघाला. ब्रेक लावून लावून रिंग तापली होती आणि आत ओलं राहिलेलं सोल्यूशन पातळ झालं होतं. धडधाकट अंगठ्यांना तो टायर केळ्याच्या सालीसारखा सोलता आला असता. लेक दगडी कठड्यावर आदळली. उजवा हात तीन ठिकाणी मोडला, खुबा गेला. आता शर्यत विसरा, असं डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं.

"बाबा, तुम्ही तपासलं होतं ना?" शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं.

"मी तपासलं तेव्हा घट्ट होतं. तूच कुठेतरी हयगय केली असशील."

"हो," ती म्हणाली. "सोल्यूशनच्या तिसऱ्या हाताला वाळायला एक दुपारच दिली. घाई झाली. चुकलंच माझं."

आणि हे मान डोलवत बसले! तिथल्या तिथे मला त्यांची किळस आली. तरी मी लेकीचं पांघरूण सारखं करत राहिले.

मग तिनं पाणी मागितलं. उशाशी नवी बाटली होती. ती त्यांनीच उचलली. बाप म्हणून काहीतरी करावंसं वाटलं असेल. झाकणाला अंगठा लावला. फिरेना. शर्टाच्या टोकात धरून पाहिलं. तरी फिरेना. रोजच्या सवयीनं मी बाटली घ्यायला हात पुढे केला.

लेक त्यांच्या अंगठ्यांकडे बघत राहिली. मग माझ्या हाताकडे.

तिनं डाव्या हातानं बाटली ओढून घेतली, प्लास्टरमधल्या हाताखाली दाबली, झाकण एका झटक्यात फिरवलं आणि बाटली त्यांच्यापुढे धरली.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "चांगलं लागलं होतं."