गुळव्याची जीभ

गूळ करणाऱ्या त्या गुळव्याचं नाव मी विचारलंच नाही. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत आलेल्या बेल्जियमच्या पाहुण्यानं लाकडी पिंपात तीन वर्षं मुरवलेल्या बिअरची बाटली मला दिली होती. घरी जाताना गुऱ्हाळावर थांबलो. तिथं आल्यागेल्याला रस फुकट पाजतात. मला फुकट प्यायचा संकोच वाटला, म्हणून बदल्यात त्यांना द्यायला मी बाटली उघडली. पहिल्याच घोटाला हादरलो. चिंचेचा कोळ नरड्यात ओतल्यासारखी आंबट! प्रवासात नासली असणार म्हणून ओतून द्यायला निघालो, तर रस उकळत्या काहिलीजवळच्या गुळव्यानं माझा हात धरला.

चार थेंब तळहातावर घेऊन, पाकाची तार बघतात तसे त्यानं दोन बोटांत चोळले, मग चाटले.

"पावणं, ह्ये नासल्यालं न्हाय. मुद्दाम आंबवलंय की! लाकडात ठेवलं हुतं, व्हय?"

मी थक्क झालो. पिंपाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

कडेला आंबलेल्या रसाची बादली होती, ओतून द्यायला ठेवलेली. तो तिच्याकडं बघतच राहिला.

"चाळीस वर्सं वतून टाकतोय. आंबल्यावर बी थांबायचं असतंय, ह्ये कुणी सांगितलंच न्हाय."

मागं काहील उतू चालली होती. त्याचं लक्षच नव्हतं.