भावजी घराबाहेर का झोपत

त्या दिवशी मी शंकरभावजींचं अंथरूण पडवीत उन्हाला टाकलं होतं. त्यांना भोरच्या दवाखान्यात नेलं होतं आणि परत आले की काही झालं तरी पुन्हा बाहेर निजू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. वाकळ उलटी करत होते, तेवढ्यात यांची गाडी दारात आली. हे खाली उतरले आणि बैल सोडायचे सोडून तिथंच जुवाला धरून उभे राहिले. मी विचारलं, भावजी कसे आहेत? गेला शंकर, हे म्हणाले. मला वाटतं, त्यानंतरही मी थोडा वेळ वाकळच झटकत होते. छातीत पाणी झालं होतं, एवढंच सांगितलं डॉक्टरांनी.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमची नसरापुरात भाताची गिरणी आहे. वेल्ह्याकडचे, पालीकडचे लोक गाड्या भरून भात आणतात. गिरणी यांच्या नावावर असली तरी तिचा जीव भावजींच्या हाती होता. तरुणपणी ते पुण्याला एका मोटारीच्या गॅरेजात कामाला होते. तिथं त्यांच्या जोडीदारानं कंदिलाच्या उजेडात टाकी भरायला घेतली आणि तो भाजून गेला. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तर जेवता जेवता ताटावरून उठले, तेव्हापासून मीही विचारायचं सोडलं. पण गावी येऊन गिरणी घातली ती त्यांच्या नेमांसकट. इंजिन सुरू व्हायला पेट्रोल लागे, तापलं की मग ते रॉकेलवर चाले. टाकी भरायची ती दिवसाउजेडी आणि इंजिन पार थंड झाल्यावर. ऐन सुगीत बाहेर गाड्यांची रांग लागलेली, लोक कातावलेले, हे आतून ओरडताहेत, आणि भावजी आपले इंजिनाच्या पत्र्यावर तळहात ठेवून उभे. अजून ऊब आहे म्हणायचे. डबा काठोकाठ भरू देत नसत, उन्हानं आतलं पेट्रोल फुगतं म्हणून. आणि रिकामा डबा? तो तर भरल्यापेक्षा वाईट, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडं रिकाम्या डब्याला केवढा मान! कडी डागून घेतली की पाण्याला झाला. बायका माझ्याकडं वशिला लावायच्या. भावजी रॉकेलचे देत, पण पेट्रोलचा म्हटलं की हात आखडायचे. त्यात वास कोंडून राहतो, कडी डागायला कुणी तापलं लोखंड लावलं की संपलं, म्हणायचे. आधी तो पाण्यानं गच्च भरून, झाकणाशिवाय कितीतरी दिवस उघड्यावर ठेवणार, मग देणार. तोवर मागणारीनं माझ्याशी बोलणं टाकलेलं असे. मी त्यांच्यावर चिडायची, खोटं कशाला बोलू. किती तो सोवळेपणा, म्हणायची.

मग लढाई आली आणि तेल दिसेनासं झालं. परवान्यावर मिळेल तेवढंच, तेही हेलपाटे घातल्यावर. चोऱ्या सुरू झाल्या. हे म्हणाले, डबे माजघरात ठेवू, आपल्या डोळ्यांसमोर राहतील. आमचं माजघर म्हणजे एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला देवापुढं समई, मधे पोरं निजलेली. भावजींनी सरळ नाही म्हटलं. दोघा भावांत त्या दिवशी जे भांडण झालं ते आळीनं ऐकलं. पेट्रोलचा वास धुरासारखा वर जात नाही, जमिनीला धरून सरपटत जातो आणि विस्तवाला जाऊन भेटतो, हे भावजी परोपरीनं सांगत होते. ह्यांचं आपलं एकच, मग राखणार कोण? भावजींनी पुढचं बोलणंच खुंटवलं. त्यांनी ओढ्यापलीकडं आमच्या वावरात दगडमातीचं खोपट घातलं, वास बाहेर जावा म्हणून भिंतीला अगदी बुडाशी भोकं ठेवली, डबे सावलीत, वाळूवर मांडले आणि खोपटाबाहेर पेंढ्याच्या छपराची एक पाख ओढून स्वतः तिथं निजायला लागले.

आता गावाला काय दिसलं? घरात भांडण झालं आणि दीर वावरात राहायला गेला. झालं. नदीवर धुणं धुताना माझ्या कानावर येऊ लागलं की हिनंच घराबाहेर काढलं, खायला तरी घालते की नाही कुणास ठाऊक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वेळचं ताट मी स्वतः पोचवत होते! त्या दिवशी ताट समोर आदळलं आणि सांगितलं की आज घरी निजायला या, नाहीतर मी चव्हाट्यावर सांगते तुम्ही इथं कशाला पडता ते. भावजी शांतपणे भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "वैनी, लोकांला भांडणच वाटू द्या. डबं हायेत म्हनून कळलं, तर कुनीतरी यील चोराया. अंधारात यील, म्हंजी पेटती चूड घिऊनच यील. म्या जागा न्हाई झालो, तर जळून मरंल की वो त्यो."

चोराची काळजी! मला हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून मी तोंड मिटलं. बायका बोलायच्या, मी ऐकून घ्यायची.

पौषात आमच्याकडं वारं नुसतं सोलून काढतं. गावात दारोदार शेकोट्या पेटतात, म्हातारेकोतारे तिथंच बसून रात्र काढतात. भावजींना शेकोटी नाही, बिडी नाही, साधा कंदीलही नाही. दोन घोंगड्या मी दिल्या होत्या. सकाळी घरी आले तरी आधी धोतर बदलून हात धुतल्याशिवाय चुलीजवळ बसत नसत. हात धुताना बोटं वळायची नाहीत, मी तांब्या धरायची. खोकला लागला तेव्हा आल्याचा काढा दिला, घरी या म्हटलं. जरा थंडी सरू दे, म्हणाले. आणि मी... मी फार धरून बसले नाही. ते तिथं असले की इकडं मी निर्धास्त असायची. वाऱ्यानं जाग आली की पोरांच्या अंगावर वाकळ ओढायची, मनात यायचं की बिचारे गारठले असतील, आणि पुन्हा झोपायची. गाढ झोप लागायची मला. आता ती झोपच मला खाते.

दहाव्याला आळीतल्या बायका बसायला आल्या. कोपऱ्यात कुजबुज सुरू झाली, शेवटपर्यंत बाहेरच ठेवला म्हणून. मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, डबे, समई, चूड, सगळं. सांगताना आवाज चढला होता, आपलं निर्दोषपण सिद्ध करायला निघाले होते ना मी. मग शेजारच्या म्हाताऱ्या काकू, ज्या मला कधी वावगा शब्द बोलल्या नाहीत, त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजी तुझ्या घरापायीच भाईर व्हता की गं त्यो."



आता डब्यांची गोष्ट सगळ्या गावाला कळलीय. तेराव्यानंतर हे म्हणाले, डबे घरात आणू, आता कोण राखणार? मी म्हटलं, डबे या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. लग्न झाल्यापासून यांच्यापुढं मी असं कधी बोलले नव्हते. आता दिवेलागणीला घोंगड्या खांद्यावर टाकून हेच वावराकडं निघतात, कुरकुरत का होईना. मी दारात आडवी होऊन खिशातली काडेपेटी काढून घेते. पाखेला तिन्ही बाजूंनी कूड घालून घेतलाय. हे आधीच करता आलं असतं. एका दिवसाचंसुद्धा काम नव्हतं.

परवा नदीवर एकजण थट्टेनं म्हणाली की बाईनं आधी दिराला घराबाहेर काढलं, आता नवऱ्यालाही काढलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला खळखळून हसू आलं. धुणं तसंच अर्धवट पिळून मी लगबगीनं घराकडं निघाले, कधी एकदा ही थट्टा भावजींना सांगते असं मला झालं होतं.