सहसंबंध आणि ताईची हिंदी

मी जे काही शिकलो ते माझ्या मोठ्या ताईमुळे. आमच्या तालुक्याच्या गावी शाळा सुटली की ती मला समोर बसवून धडा मोठ्याने वाचायला लावायची. तिचं स्वतःचं शिक्षण दहावीला थांबलं. पण घरातला पहिला पदवीधर मी व्हायचं, हे तिनेच ठरवलं होतं. दाजींची बँकेत नोकरी. त्यांची बदली कोलकात्याला झाली, बराकपूरला घर मिळालं, आणि त्यांच्या पाठोपाठ तिच्याच आग्रहावरून मी मानसशास्त्रात एम.ए. करायला इथे आलो. बागबाजारात खोली घेतली. रविवारचं जेवण मात्र ताईकडे.

प्रबंधासाठी मी इथली मराठी घरं निवडली. बदलीवर आलेली सरकारी आणि बँकेतली कुटुंबं, न्यू टाउनमधली आयटीतली माणसं. मुलांशी मराठी किती बोलता, हे पालकांना विचारायचं. शाळेत एकटं वाटतं का, हे मुलांना. मग दोन्ही उत्तरं आकड्यांत मांडून त्यांचा सहसंबंध काढायचा. तो स्पष्ट निघाला. जिथे मराठी जास्त, तिथे मुलांचा एकटेपणाही जास्त.

“काय निघालं रे तुझ्या अभ्यासात?” ताईने जेवताना विचारलं. मी सांगितलं तशी ती वाढता वाढता थांबली. भाची दुसरीत होती. मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते, हे शाळेतून कळल्यापासून ताईला चैन नव्हतं.

“म्हणजे आपण मराठी बोलतो म्हणून?”

“तसं नाही म्हणता येत, ताई. दोन गोष्टी बरोबर दिसतात, एवढंच.”

“दिसतात ना? मग झालं.”

दाजी हसले. “साहेबांच्या प्रबंधात आलंय म्हटल्यावर आजपासून घरात लागू!”

ताईने ते खरंच लागू केलं. मुलीशी मराठी बंद, फक्त हिंदी. आमच्या घरी शिकलेल्या माणसाचं बोलणं कोणी तपासून बघत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीसारखं ते घ्यायचं असतं.

पुढच्या रविवारी गेलो तर घर गप्प होतं. ताईची हिंदी भाजी आणण्यापुरती. त्या हिंदीत तिला मुलीला गोष्ट सांगता येत नव्हती, लाडाने रागावताही येत नव्हतं. “खाना खाओ. जल्दी करो. जूता पहनो.” बस्स. भाचीने मला गॅलरीत नेलं आणि हळूच विचारलं, “मामा, आई माझ्यावर चिडलीये का?”

मी आत जाऊन ताईला म्हटलं, “पूर्वीसारखं बोल तिच्याशी.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस,” ती म्हणाली. “अभ्यासात काय आहे ते सांग.”

दुसऱ्या दिवशी मी विभागातल्या मॅडमकडे गेलो. मॅडम बंगाली, मोजकं बोलणाऱ्या. तक्ता पाहून त्यांनी एवढंच विचारलं, “ही कुटुंबं कोलकात्यात कधी आली?”

ती माहिती मी घेतली होती, पण हिशेबात धरली नव्हती. मग नवी घरं वेगळी काढली, जुनी वेगळी. नव्या घरांत नुसती मराठी चालते, आणि नव्या मुलाला शाळेत कोणी ओळखत नसतं. जुन्या घरांत हळूहळू हिंदी-बंगाली शिरते, आणि तोवर मुलांना सवंगडीही मिळालेले असतात. दोन्हींच्या मागे या शहरात काढलेला काळ होता. फक्त नव्या घरांचीच आपसांत तुलना केली, तेव्हा तो सहसंबंध जवळजवळ उरलाच नाही.

मी ताईला फोन केला. “असं तोंडी नको,” ती म्हणाली. “लिहून पाठव. मी सावकाश वाचेन.” म्हणून हे पत्र पाठवलं:

ती. ताई,

मराठीमुळे मुलं एकटी पडतात, असं माझ्या अभ्यासातून निघत नाही. ती नवी असतात म्हणून एकटी पडत असावीत. पण सिद्ध तेही झालेलं नाही. तू मराठी बोललीस तर तुझ्या लेकीला मैत्रिणी मिळतील, असंही मी लिहून देऊ शकत नाही. तिला इथे येऊन जेमतेम वर्ष झालंय. वेळ लागेल. किती, ते मला माहीत नाही.

आता सांगतो ते तक्त्यातलं नाही, तुमच्या गॅलरीतलं आहे. तिला वाटतंय, तू तिच्यावर चिडली आहेस. शाळेत ती एकटी आहेच. घरीही तुझं बोलणं थांबलं तर तिने कोणाकडे जायचं?

मी वाचताना अडखळलो की तू पुढचा शब्द सांगायचीस. तुझ्या त्या आवाजावर मी इथवर आलो. आज ती शाळेतून आली की तिला आपल्या मराठीत विचार, डबा कोणाबरोबर खाल्लास. “एकटीनेच” म्हणाली, तरी उद्या परत विचार.