आईचा सणाआधीचा अभ्यास
आमच्या आईला ‘गप्प बस’ म्हणायची कुणाची बिशाद नव्हती. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, विरलेल्या कॉलरी उलटवणं, असल्या कामांत तिनं दुकानाच्या एका खोलीत जन्म काढला. तोंडात टाचण्या धरून ती गिऱ्हाइकांशी भांडायची आणि जिंकायचीसुद्धा.

वल्हांडण सणाचे नियम महिनाभर आधी वाचायला घ्यायचे, हा आम्हा ज्यू लोकांचा जुना दंडक. त्या सणात खमिराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, कणही घरात राहता कामा नये, म्हणजे मशीनच्या खणातल्या बिस्किटाच्या चुऱ्यापासून सगळं वेळेत उपसायला हवं. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, तुमच्या आई सणापर्यंत राहतील असं वाटत नाही. आईचे कान तिखट, तिला पलंगावरून ऐकू गेलं.

मामानं तिला विनवलं, ताई, यंदा राहू दे, पडून राहा. आईनं पुस्तक मागितलं.

“सणाला मी असेन की नसेन, ते डॉक्टर बघतील. अभ्यासाचा दिवस आज आहे.”

तिला अक्षर दिसेना, म्हणून मी वाचायचे आणि ती चुका काढायची. कुठली भांडी उकळून सणासाठी शुद्ध करायची, कुठली सणापुरती घराबाहेर ठेवायची. मला तर वीट आला. मरायला टेकलेल्या बाईला मेली भांडी हवीत कशाला! मग एके दुपारी तिनं शोकाचं पान काढायला लावलं. माती दिल्यावर घरच्यांनी सात दिवस शोकाला बसायचं, पण मध्येच सण आला तर शोक तिथेच संपतो. मी पुस्तक मिटलं. ती म्हणाली, उघड. मला रडू कोसळलं, तरी तिनं ते पुन्हा वाचून घेतलं.

सण एक दिवसावर आला आणि आई गेली. त्याच दुपारी माती दिली.

दुसऱ्या संध्याकाळी मामा शोकाच्या रिवाजाप्रमाणे फाडलेल्या सदऱ्यात बुटक्या स्टुलावर बसला होता. शेजारणी कुजबुजत होत्या, यंदा यांच्याकडे कसला सण. मी त्यांच्या नाकावर टिच्चून टेबलावर पांढरी चादर अंथरली.

“लाज वाटत नाही? काल बहीण पुरली मी,” मामा म्हणाला.

“नाही वाटत. दिवस मावळला, सण लागला, मामा. ऊठ.”

तो भिंतीला धरून उठला. मी रडत रडतच ताटं मांडली आणि आईच्या खुर्चीवर जाऊन बसले.