घेवड्याचं भुसकट

हडपसरला आमच्या गोठ्याच्या तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिले, तरी मागचा तुकडा आम्ही विकला नाही. तिथं घेवडा करतो. शेंगा वाळल्या की बडवायच्या. घेवडा घरात, भुसकट गुरांना. निम्मं माझ्या म्हशीला, निम्मं थोरल्या जावेच्या गाईला. त्यावरून दरवर्षी आमची जुंपायची. भुसकटातला पाला गुरं चाटूनपुसून खातात, खोडं मात्र हुंगून सोडतात.

"पाला सगळा तू वढलास, आन् खोडं माझ्या गाईला व्हय?" त्या दिवशी जाऊ कडाडली.

"मग काय पुरणपोळी घालू?" मी म्हटलं.

झालं! तिनं माझी वेणी धरली, मी तिच्या मनगटाला चावले. वर बाल्कन्यांतून लोक मोबाईल रोखून उभे. मेल्यांनो, एकजण सोडवायला खाली येईल तर शपथ!

या धिंगाण्यात तिची गाय दावं तोडून खळ्यावर गेली आणि अजून पाखडायचा असलेला घेवडा बकाबका खाऊन बसली. दुपारी तिची डावी कूस टम्म फुगली. जीभ बाहेर आली, श्वास मिळेना, पाय ताणून ती आडवी झाली. ही गाय म्हणजे आई मेलेलं वासरू, जावेनं बोटानं दूध पाजून वाढवलेलं. ऊर बडवत ती घरात तेल आणायला धावली. गाईला पाजायला.

मी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेले.

"माझी वाट बघाल तर गाय जाईल," ते म्हणाले. "डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागं खळगा आहे, तिथं सुरी खुपसा. कातडं जाड असतं, जीव खाऊन मारा. आणि हवा जाईपर्यंत सुरी काढू नका, नाहीतर भोक बुजेल."

पहिला घाव निसटला. नुसतं रक्त आलं. मग मी जावेचं तोंड डोळ्यांपुढं आणलं आणि सुरी मुठीपर्यंत घातली.

फस्सकन हवा सुटली. रक्त आणि हिरवा आंबट फेस माझ्या तोंडावर उडाला. तेवढ्यात जाऊ दारात आली. तिला दिसली ती मी, आणि गाईच्या पोटातली सुरी.

"मारली गं माझी गाय, सटवे!"

भुसकट ओढायचं लोखंडी दाताळं तिनं उचललं. पहिला फटका माझ्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी सुरी सोडली नाही. तिला शिव्या घालत, ढसाढसा रडत धरून बसले. दुसरा पाठीत बसला.

गाय वाचली. माझा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

पुढच्या हंगामात भुसकट वाटायला आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो. तिनं पाला माझ्याकडं सारला.

"एवढी ताकद कुठनं आली गं तुला त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"तुमचं तोंड डोळ्यांपुढं आणलं होतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तिनं एक खोड कडकन मोडलं.

"पयला फटका गाईसाठी व्हता," ती म्हणाली. "दुसरा मारला तवा तिचं पोट उतरलेलं दिसत व्हतं मला."

मग आम्ही पाट्या भरायला घेतल्या.