बनुबाईच्या परसातला औदुंबर

आमच्या सोनईत बनुबाईचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. तिच्याकडं मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो. बनुबाई म्हणजे आमच्या छगनची बायको. छगन आता नाही. बाईनं गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात उमर घालवली. पातेली उतरवून उतरवून खांदे गेले, आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका. ते काम सुटलं त्या दिवशी मला म्हणाली, "भावजी, आता परसात बाज टाकनार आन् नुसती पडनार. कुनी उठीवलं तरी उठायची न्हाई."

ती बाज काही पडली नाही. का पडली नाही, तेच सांगायला बसलोय.

परसात मोरीचं पाणी जिरतं तिथं एक झाड आपोआप उगवलं होतं. पाखरानं बी टाकलं असेल. बघता बघता डोक्याच्या वर गेलं, मुळ्या मोरीत शिरल्या, पाणी तुंबायला लागलं. छगन हयात असतानाची गोष्ट. एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊन निघाला आणि नेमक्या त्याच वेळेला नीलांबरीकाकू विरजण मागायला आल्या. काकूंचे यजमान भिंगारला लष्कराच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त झाल्यावर दोघं इथं मूळ घरी राहायला आली. काकूंच्या पोथ्या तोंडपाठ, बोलणं छापल्यासारखं. त्यांनी झाडाच्या खोडाला लगडलेली हिरवी फळं पाहिली आणि हातच जोडले.

"छगनराव, हात लावू नका! औदुंबर आहे हा. आणि कुणी लावलेला नाही, आपणहून आलाय."

आता आमच्याकडं कसं आहे, लावलेला उंबर एक वेळ चालेल, पण आपणहून आलेल्या उंबराला कुणी लोखंड लावत नाही. दत्तगुरू स्वतः वस्तीला आले असं धरतात. छगननं कुऱ्हाड ठेवून दिली आणि मोरीचं पाणी दुसरीकडून काढलं.

तुम्ही म्हणाल, सगळं शेतकऱ्यांचं गाव, एकालाही शंका आली नाही? अहो, परस म्हणजे बायकांची जागा. तिथं अंघोळी, तिथंच भांडी. गडीमाणूस तिकडं फिरकत नाही. आणि बायका आल्या त्या पदर घेऊन, मान खाली घालून. ज्याला देव म्हणायचं त्याची पानं उलटून कोण बघतं? फळं लाल होत नव्हती, तर म्हणायच्या, अजून पिकायचीत.

छगन गेला, झाड वाढलं आणि दर गुरुवारी गल्लीतल्या बायका यायला लागल्या. पाणी घालायच्या, दिवा लावायच्या, प्रदक्षिणा घालायच्या. घरातूनच वाट, त्यामुळं दार उघडं. आदल्या दिवशी बनुबाईनं पालापाचोळा झाडायचा, गुरुवारी चहा ठेवायचा, नंतर तेलाचे ओघळ पुसायचे. एकदा तर काय झालं, बाई न्हाणीत गेली आणि बायका लवकर आल्या. न्हाणीला दार म्हणजे गोणपाट. आरत्या सुरू झाल्या आणि ही बिचारी आत अंगाला लुगडं गुंडाळून बसली. काकूंना एकूणएक आरत्या येतात. बंबातलं पाणी गार झालं तरी संपेनात. मी भिंतीअलीकडून ऐकतोय आणि हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "हसा तुमी. मी दमलीया भावजी. ह्यो देव कुनाच्या तरी दुसऱ्याच्या परसात का न्हाई आला?"

गेल्या वैशाखात तिच्या पोराचं, रविराजचं, लग्न झालं. तो टेम्पो चालवतो. सून पूजा अकोल्याची, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं डोंगराकडचं अकोलं. नवी सून परसात भांडी घासायला बसली. काळाकुट्ट तवा निघेना. तिनं हात वर करून त्या झाडाचं पान तोडलं आणि लागली तवा घासायला. बनुबाईची किंकाळी मला घरात ऐकू आली. मी धावलो, म्हटलं विंचू चावला.

"आगं, द्येवाच्या पानानं तवा घासतीस व्हय!"

पूजानं पान पुढं केलं. "कुठला देव, आत्या? ह्यो बोखाडा हाय. आमच्याकडं ओढ्याकाठी लई. आई ह्याच्याच पानानं तवा घासती. हात फिरवून बघा की."

बनुबाईनं भीत भीत हात फिरवला. पान खरखरीत, सुताराच्या घासायच्या कागदासारखं. मी मळ्यात गेलो आणि विहिरीवरच्या आमच्या उंबराची फांदी घेऊन आलो. पूजानं बोखाड्याची एक मोडली आणि दोन्ही फांद्या फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या. उंबराचं पान गुळगुळीत, एक इकडं तर एक तिकडं. बोखाड्याची पानं जोडीजोडीनं समोरासमोर, कडेला दाते, अंगावर लव. आमच्या उंबराची फळं लालबुंद, ह्याची पिवळट हिरवी. दोघं चुलत भाऊ म्हणा, पण दत्तगुरू एकाच्याच बुडाशी बसतात.

बनुबाईनं दोन्ही पानं पुन्हा चाचपली. मला वाटलं आता हसेल. दार लावून घेता येईल, झाड तोडता येईल, बाज टाकता येईल. पण तिनं दोन्ही फांद्या उचलून गोणपाटाखाली सारल्या.

"सुकन्याला कितवा म्हयना?" तिनं विचारलं.

सुकन्या म्हणजे नीलांबरीकाकूंची सून. दोनदा दिवस राहून गेले होते पोरीचे. या वेळी काकूंनी तिला नेम घालून दिला होता, बाळंत होईपर्यंत दर गुरुवारी औदुंबराला प्रदक्षिणा. आणि या वेळी गर्भ टिकला होता. पोर वाळक्या काडीसारखी, पण तोंडावर तेज आलं होतं.

"चौथा लागला असेल," मी म्हणालो.

"मग त्वांड बंद ठेवा. खास करून तुमी. तिच्या मनात एकदा किडा पडला तर?"

"आणि तुमची बाज?"

"बाज कुठं पळून जातीया?"

मंडळी, माझ्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे काय ते माझ्या घरच्यांना विचारा. पारावर बसलो की शब्द ओठापर्यंत यायचा आणि मी तंबाखूची गोळी लावून गप्प बसायचो. पण माझं काय, मी नुसता गप्प. बनुबाईला सगळं करावं लागत होतं, आणि आता ते देवाचं नाही हे माहीत असून. पावसाळ्यात मोरीकडं शेवाळ धरलं. सुकन्याचा पाय घसरू नये म्हणून बाई गुरुवारी पहाटेच राख टाकून फरशी घासायची. मग तिचा हात धरून तिच्याबरोबर फेरे घालायची. प्रत्येक फेऱ्याला गुडघा कटकट वाजायचा. पूजा म्हणायची, "आत्या, मी धरते हात, तुमी बसा." तर म्हणायची, "तू नवी हायेस, तिला सवय हाय माज्या हाताची."

एकदा मी भिंतीवरून विचारलं, "वहिनी, चाललंय कसं?"

"ढकलतीया," म्हणाली. तेवढंच.

दिवाळीनंतर सुकन्या नगरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. बारसं होईपर्यंत बनुबाई थांबली. दुसऱ्या दिवशी मला आणि पूजाला घेऊन काकूंकडं गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकू आधी हसल्या, मग पूजानं दोन्ही पानं त्यांच्या हातात दिली. चष्मा लावून त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"मग इतकी वर्षं मी पाणी कुणाला घातलं?"

"मोरीला," बनुबाई म्हणाली.

काकू ताडकन उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला. सुकन्या मात्र मांडीवरच्या पोरीला थोपटत शांत बसली होती. हळूच म्हणाली, "मावशी, मला झाडाचं काही कळत नव्हतं हो. एरवी आठवडाभर इथं सगळे मला हे कर, ते करू नको सांगायचे. तुमच्याकडं तुम्ही नुसता हात धरायचात. एक शब्द बोलायचा नाहीत."

"बोलायला दम कुठं हुता, बाय," बनुबाई म्हणाली आणि पोरीच्या गालाला बोट लावून निघाली.

गुरुवार आला. गल्लीला सगळं कळलेलं होतं, तरी दोघीतिघी तांब्या घेऊन आल्याच. त्यातली एक म्हणे, "सवय लागलीया ओ, मावशी. देव मानला की देव."

"मान की. तुज्या परसात रोप लावून देते," बनुबाई म्हणाली. त्या हसत परत गेल्या.

दुपारी रविराजनं बाज बाहेर काढून झाडाखाली टाकली. विचारलं, "आई, तोडू का ह्याला? जुनी मोरी मोकळी हुईल."

बनुबाई आडवी झाली होती. डोळे न उघडता म्हणाली, "तुजं तू बग. आज न्हाई. आज करवतीचा आवाज नगं."

मी तिच्या परसदाराच्या उंबऱ्यावर बसलो होतो. म्हटलं, बाई आता निवांत आहे, तर बोखाड्यावरून आठवलेली आमच्या आजोबांची एक गोष्ट सांगावी. नुसतं "वहिनी, एकदा काय झालं..." एवढंच म्हणालो.

"भावजी," ती म्हणाली, "तुमीबी घरी जावा."

गेलो. जाताना दार मीच ओढून घेतलं.